स्वस्त ॲम्प्लिफायरमध्ये महाग काय होतं?

जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर घ्यायचा, तर तुम्ही आधी काय बघाल? बहुतेक जण व्हॉल्व्हच बघतात. इतिहास मात्र दुसरीकडे बोट दाखवतो.

1959 मध्ये फिलाडेल्फियाच्या डायनाको कंपनीने ‘स्टिरिओ 70’ बाजारात आणला. दर चॅनेलला 35 वॉट, आणि किटची किंमत सुमारे 100 डॉलर! हे जमलं कसं? जोडणीचं काम गिऱ्हाइकावर सोपवलं. किचकट सर्किट बोर्ड तेवढा कारखान्यातून तयार दिला. काटकसर केली नाही ती आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये. व्हॉल्व्हची ताकद स्पीकरला पेलेल अशी करून देतो तो हाच. संस्थापक डेव्हिड हाफलर यांचा आधीचा धंदाही ट्रान्सफॉर्मरचाच होता.

पुढे त्यातला 7199 हा व्हॉल्व्ह मिळेनासा झाला. लोकांनी ॲम्प्लिफायर भंगारात काढला नाही. सहज मिळणाऱ्या व्हॉल्व्हचा नवा बोर्ड बसवला. ट्रान्सफॉर्मर तेच राहिले.

म्हणून निवडताना ट्रान्सफॉर्मर धड आहेत का ते बघा. व्हॉल्व्ह आणि कपॅसिटर नंतर बदलता येतात. फक्त एक सांभाळा: आत 400 व्होल्टच्या वर दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर झटका देऊ शकतात.