संरक्षित झाडांची छाटणी (परसबागेतील)

घराच्या आवारात वाढलेल्या, पण कायद्याने संरक्षण दिलेल्या झाडाच्या फांद्या परवानगी घेऊन आणि झाडाला झेपेल अशा रीतीने कमी करण्याचे काम. प्रस्तुत नोंद मुख्यतः विटा (ता. खानापूर, जि. सांगली) व आसपासचा परिसर डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. छाटणी कुठे संपते आणि तोड कुठे सुरू होते, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर अर्जातील मजकुरापेक्षा करवत फांदीवर नेमकी कुठे टेकते, यावर अधिक ठरते.

परिसर : विटा पूर्वी सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. हा मुलूख पर्जन्यछायेतला असून टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी येईपर्यंत इथली शेती पावसाच्या भरवशावर होती. परसात कडुनिंब, चिंच, आंबा, जांभूळ, शेवगा, औदुंबर ही झाडे आढळतात. पाण्याच्या ओढीमुळे इथले झाड सावकाश वाढते आणि गमावलेली फांदी भरून यायलाही वेळ लागतो. तालुक्यातील अनेक कुटुंबे सोने-चांदीच्या गलाई व्यवसायासाठी देशभर विखुरलेली आहेत. त्यांची गावाकडची घरे वर्षातील बराच काळ बंद असतात. फांद्या शेजारच्या पत्र्यावर टेकेपर्यंत वाढतात आणि सुट्टीला आलेला मालक दोन दिवसांत सगळे झाड सवळून मोकळा होतो. झाडाचे सर्वाधिक नुकसान अशा घाईच्या छाटणीत होते.

कायदा : शहरी हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. जमीन स्वतःच्या मालकीची असो वा नसो, वृक्ष प्राधिकरणाच्या पूर्वपरवानगीशिवाय झाड तोडण्यास त्यात मनाई आहे. झाड तोडणे या संज्ञेत जाळणे, कापणे आणि कोणत्याही प्रकारे इजा पोहोचवणे यांचाही समावेश होतो. त्यामुळे फांद्यांची छाटणीही कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. किती छाटली म्हणजे इजा, याचे मोजमाप मात्र मूळ व्याख्येत दिलेले नाही. व्यवहारात नगरपरिषदेकडे लेखी अर्ज करावा, फांद्यांची छायाचित्रे जोडावीत आणि पाहणी होईपर्यंत थांबावे, हे उत्तम. मेलेले, रोगट किंवा जीविताला धोका असलेले झाड काढण्यास परवानगी मिळण्याची वाट कायद्याने मोकळी ठेवली आहे. उल्लंघनास दंड व कैद दोन्हींची तरतूद आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा मिळाला, तसेच तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे तत्त्व आले. विट्यातील जुन्या वाड्यांच्या परसात उभ्या असलेल्या चिंचा या वयात सहज बसाव्यात.

याशिवाय १९६४ चा झाडे तोडण्यासंबंधीचा विनियमन अधिनियम आहे. त्याच्या अनुसूचीत साग, खैर, चंदन, मोह, हिरडा, ऐन, अंजन यांच्याबरोबर परसातल्या ओळखीच्या आंबा, फणस, चिंच, जांभूळ यांचाही समावेश आहे.

इतिहास : १९७५ च्या कायद्याला शहरी कारण होते, पण विचार नवा नव्हता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (इ.स. १७१५ च्या सुमारास) आरमारासाठी लाकूड आणताना रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, झाड जीर्ण होऊन फळेनासे झाले असेल तरच धन्याला राजी करून व मोबदला देऊन ते तोडावे, अशा आशयाची आज्ञा आहे. झाड मोठे व्हायला लागणारा काळ आणि धन्याची संमती या दोन्हींचा विचार त्यात दिसतो. ब्रिटनमध्ये १९४७ च्या नगररचना कायद्यापासून खासगी बागेतील झाडांवरही संरक्षण-आदेश बजावता येतो आणि अशा झाडाच्या छाटणीलाही परवानगी लागते.

छाटणीची रीत : जाड फांदी एका घावात कापू नये. आधी बुंध्यापासून फूट-दीड फूट अंतरावर खालच्या बाजूने करवतीने एक तृतीयांश जाडीपर्यंत काप घ्यावा. मग त्याच्या थोडे पुढे वरून कापावे. फांदी आपल्या वजनाने मोडून खाली येते आणि खालच्या कापामुळे साल बुंध्यापर्यंत सोलत जात नाही. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढायचा असतो, आणि खरे कौशल्य इथे लागते. फांदी बुंध्याला मिळते तिथे सालीची थोडी सुजल्यासारखी, सुरकुतलेली कडी दिसते. काप या कडीच्या लगेच बाहेर, तिला धक्का न लावता घ्यावा. बुंध्याला घासून कापले तर कडी जाते आणि जखम उघडी राहते. हातभर खुंट ठेवला तर तो वाळतो, त्यात वाळवी शिरते आणि कूज आत उतरते. बरोबर जागी घेतलेल्या कापाभोवती पुढे नव्या लाकडाचे गोल वळे तयार होऊन ते हळूहळू आत सरकते. कडुनिंबावर हे वळे दिसले की छाटणाऱ्याचा हात कसा होता, ते दोन-तीन वर्षांनंतरही ओळखता येते.

अमेरिकी वनशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडे उभी चिरून दाखवले, की झाड जखम भरून काढत नाही, तर तिच्याभोवती भिंती उभारून तिला कोंडते. त्यांचे हे काम १९७० च्या दशकातले आहे. जखमेवर लेप लावल्याने कूज थांबते या समजाला त्यांचा विरोध होता. आपल्याकडे मोरचूद व चुन्याची बोर्डो पेस्ट लावण्याचा सल्ला कृषी क्षेत्रात रूढ आहे आणि फळझाडांवरील बुरशीसाठी तो दिला जातो. लेप लावला तरी चुकीच्या जागी घेतलेला काप त्याने सुधारत नाही, एवढे निश्चित.

एका वेळी पानोऱ्याचा पाव हिस्सा ही कमाल मर्यादा धरावी. उन्हाळ्यात सगळी सावली काढली तर आजवर झाकलेली साल एप्रिल-मेच्या उन्हात करपून तडकते. आंब्याची छाटणी फळे उतरल्यावर लगेच व्हावी. तेव्हा आलेली नवी फूट पक्व होऊन हिवाळ्यात मोहोर धरते, उशीर झाला तर त्या फांद्यांचा मोहोर जातो.

द्राक्षबागेचा हात : या भागात छाटणी म्हटले की द्राक्षबाग आठवते. सांगली जिल्ह्यात एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी हे दोन मोठे हंगाम असतात, आणि डोळे मोजून काडी कापणारे निष्णात मजूर इथे आहेत.  परसातल्या झाडावर मात्र तीच पद्धत घातक ठरते. द्राक्षाचा वेल दरवर्षी नव्या काडीवर फळतो, म्हणून तो आखूड कापला तरी सावरतो. चिंचेचा किंवा जांभळाचा शेंडा तसाच मारला तर कापाखालून धुमाऱ्यांचा झुबका फुटतो. ते भराभर वाढतात, पण लाकडात खोल रुजलेले नसतात, आणि वळवाच्या वाऱ्यात आधी तेच मोडतात. झाड सुरक्षित करायला केलेली छाटणी चार वर्षांत झाडाला अधिक धोकादायक करते. शेवगा याला अपवाद असून तो खरडूनच कापावा लागतो.

प्रस्तुत नोंदकर्त्याच्या मते विट्यासारख्या नगरपरिषदेने याच मजुरांना झाडछाटणीचे वेगळे शिक्षण दिले, तर नव्या नियमाइतकाच उपयोग होईल. नजर त्यांच्याकडे आधीच आहे.

भोसे येथील वड : जिल्ह्यातील सर्वांत गाजलेले उदाहरण परसबागेतले नसले, तरी छाटणीच्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहे. मिरज तालुक्यात भोसे येथे यल्लम्मा मंदिराजवळ सुमारे चारशे वर्षांचा मानला जाणारा वड होता. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात तो जाणार म्हणून २०२० मध्ये मोठे आंदोलन झाले. राज्य व केंद्र सरकारच्या पातळीवर दखल घेतली गेली आणि वड वाचवून रस्त्याची आखणी बदलण्याचा निर्णय झाला. जून २०२२ मध्ये तो उन्मळून पडला. वय, पाऊस-वारा आणि रस्त्याच्या कामात फांद्या व मुळांना बसलेला धक्का यांपैकी कशाचा वाटा किती, याबाबत मतभेद आहेत. वडाचा भार त्याच्या पारंब्या पेलतात. त्या तोडल्या किंवा एका बाजूच्या फांद्या उतरवल्या तर वडाचा तोल ढळतो. परसातल्या लहान वडालाही हा नियम लागू आहे, आणि अंगण फरसबंद करताना नेमका तो विसरला जातो. झाडाभोवती एक मीटर जागा सिमेंटविरहित ठेवण्याचा राष्ट्रीय हरित लवादाचा २०१३ चा आदेश दिल्लीसंबंधी होता. तो इथेही पाळण्यासारखा आहे.

शेजारी व तारा : शेजारच्या हद्दीत आलेली फांदी कापण्याच्या शेजाऱ्याच्या हक्काबाबत मते भिन्न आहेत. परवानगीचा नियम अशा फांदीलाही लागू धरणे हिताचे. पडण्याच्या बेतात आलेल्या झाडाबाबत कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जाता येते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १५२). विजेच्या तारांना लागलेल्या फांद्यांसाठी महावितरणला कळवावे, स्वतः चढू नये.

पक्षी : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांची अंडी व घरटी यांना धक्का लावणे शिकारीच्या व्याख्येत येते. छाटणीआधी पानोरा नीट पाहावा.

औदुंबर, वड, पिंपळ : धार्मिक भावनेने यांना सहसा हात लावला जात नाही.

विल्हेवाट : फांद्या जाळू नयेत. पाला ओल्या कचऱ्यात जातो, जाड लाकूड वेगळे ठेवावे. चंदनाचा तुकडाही परवान्याशिवाय हलवू नये. कचऱ्याच्या वर्गीकरणाची सवय विट्यात रुजलेली आहे. स्वच्छ सर्वेक्षण २०२१ मध्ये एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत विटा देशात पहिले आले होते. (पहा : चिंच; द्राक्ष; वृक्ष प्राधिकरण.)