पळीभर तेल आणि संगणकांचे जाळे

भास्कराचार्यांचा जन्म १११४ साली झाला. त्यांचे विज्जलविड गाव म्हणजेच आजचे बीड, असे काही विद्वान मानतात; दुसरे चाळीसगावजवळील पाटणकडे बोट दाखवितात. तो वाद पंडितांवर सोपवू. आजची गोष्ट पाटणच्या शिलालेखातील आहे.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यादवराजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने पाटणास मठ स्थापिला आणि १२०७ साली निकुंभवंशी सोईदेवाने त्यास दान दिले. लेखाच्या मराठी भागात बाजारातील मालावरचा राजाचा हक्क मठास दिल्याचे नमूद आहे. शिवाय प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल लावून दिले आहे. एका घाण्याच्या पळीने मठ चालला नसता. सर्वांच्या पळ्यांनी विद्येस आधार मिळाला.

पुढे आकडेमोड यंत्रांकडे गेली. १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'सीडीसी ३६००' हा संगणक बसला आणि इतर संस्थांचे संशोधकही त्यावर गणिते करू लागले. परंतु यंत्र एक आणि गरजू अनेक! एकाच यंत्राभोवती सर्वांनी जमण्याऐवजी अनेक यंत्रेच एकमेकांस जोडावीत, या विचारातून 'ग्रिड' जन्मास आले. मोठ्या गणिताचे तुकडे करावयाचे, जेथील यंत्र मोकळे असेल तेथे ते धाडावयाचे आणि उत्तरे पुन्हा एकत्र आणावयाची, ही त्याची रीत. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने 'गरुड' प्रकल्पाद्वारे देशातील अनेक शहरांतील संशोधनसंस्था अशा जाळ्यात जोडल्या. जिनेव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेची माहितीही आज चाळीसहून अधिक देशांतील केंद्रे वाटून घेऊन तपासतात. मुंबईची टाटा संस्था त्यांपैकी एक होय.

जाळे तारांनी जोडले जाते, पण चालते विश्वासावर. आपले यंत्र परक्याच्या गणितास मोकळे करून देण्याचे औदार्य संस्थेजवळ नसेल, तर तारा असून नसल्यासारख्याच. ते असेल, तर बीडसारख्या जिल्ह्यातील बुद्धिमान विद्यार्थ्यास केवळ महायंत्र दारी नाही म्हणून आपला प्रश्न अर्धवट टाकावा लागणार नाही. पाटणच्या घाणेकऱ्यांना सिद्धांतशिरोमणी कदाचित कळलाही नसेल. तरी त्यांच्या घाण्यांतील तेल मठात पोहोचत होते. आपल्या पळीचे काय, हा प्रश्न आता आपल्या संस्थांपुढे आहे.