गाय कोणती चांगली? आधी वैरण कोणाच्या रानातली ते सांगा

कळंबोलीच्या सोसायट्यांमध्ये हल्ली काचेच्या बाटलीतून 'देशी गाईचे दूध' येते. भाव पिशवीच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त, वर संस्कृतीचा शिक्का. परवा विहारातली बैठक संपल्यावर तरुणांत यावरूनच वाद पेटला. गीर श्रेष्ठ की होल्स्टीन? शेवटी एक कार्यकर्ता म्हणाला, "माझ्या मामाला गावी योजनेतून दोन संकरित गाई मिळाल्या. दीड वर्षात विकाव्या लागल्या. मग त्या गाई वाईट होत्या का?"

वाद तिथेच थांबला. उत्तर कोणाकडेच नव्हते.

आधी आकडे पाहू. एका वेतात खिल्लार सरासरी 400 लिटरच्या आसपास दूध देते. ती मुळात बैलासाठीच पाळली जाते. लातूर-उदगीरकडची देवणी 800-900 लिटर, गीर 2000 च्या आसपास. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून घडवलेली 'फुले त्रिवेणी' 3000 लिटरच्या घरात जाते. खाद्याचा हिशेबही संकरित गाईच्याच बाजूने पडतो. ढोबळ ठोकताळा असा की शरीर चालवायला रोज दीड किलो खुराक आणि वर दर लिटर दुधाला 400 ग्रॅम. म्हणजे 10 लिटरच्या गाईला साडेपाच किलो, लिटरमागे 550 ग्रॅम. 3 लिटरच्या गाईला 2.7 किलो, लिटरमागे 900 ग्रॅम. देशी गाय अंगाने लहान म्हणून तिचा खुराक थोडा कमी धरा, तरी गणित उलटत नाही.

आणि हे परदेशी रक्त महाराष्ट्राच्या गोठ्यांत पोहोचवण्यात मोठा वाटा कोणाचा? एका गांधीवाद्याचा. गांधीजींनी 1946 साली उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला, त्याची जबाबदारी मणिभाई देसाईंवर आली. त्यांनी तिथे गीर गाई सांभाळल्या आणि 1967 साली 'बाएफ' स्थापून होल्स्टीन-जर्सीचे कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारात नेले. शुद्ध वंशाचा जप करणारे हे नाव सहसा घेत नाहीत.

संविधानाचा अनुच्छेद 48 सुद्धा अर्धाच सांगितला जातो. ठाकूरदास भार्गव यांची दुरुस्ती 24 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत आली, बाबासाहेबांनी ती स्वीकारली. त्या अनुच्छेदाची सुरुवात गोमातेपासून होत नाही. आधुनिक आणि शास्त्रीय पद्धतीच्या शेती व पशुसंवर्धनापासून होते. शास्त्र म्हटले की भाकड जनावराचाही हिशेब मांडावा लागतो. 1976 च्या कायद्याने राज्यात गाईची कत्तल बंद झाली, 2015 साली बैल आणि वळूही त्यात आले. होल्स्टीनच्या गोऱ्ह्याला वशिंड नाही, उन्हात तो औताला टिकत नाही. पूर्वी त्याला निदान गिऱ्हाईक होते. आता तो गोठ्यात उभा राहून खातो, आणि लिटरमागच्या 550 ग्रॅमच्या हिशेबात त्याचा घास कुठेच धरलेला नसतो.

आता मामाकडे या. अनुसूचित जातीच्या लाभार्थ्याला दुधाळ जनावरांसाठी 75 टक्के अनुदान मिळते. गाय दारात येते. पण तिला रोज पंधरा-वीस किलो हिरवी वैरण लागते, आणि मामाला गुंठाभरही रान नाही. मग कडबा विकत, पेंड विकत, ऊस तोडणीच्या हंगामात वाढे ज्याच्या बांधावरून आणायचे त्याच्याच मर्जीवर सगळे. गाय आटली की दूध बंद, खर्च चालूच. बाबासाहेबांनी 1918 साली लहान शेतजमिनींवरच्या निबंधात सांगितले होते की शेत पुरेसे आहे की नाही हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्यावर भांडवल आणि श्रम किती लागतात ते पाहावे लागते. इथे नेमके उलटे झाले. भांडवल दिले, जमीन दिलीच नाही.

गावगाड्यात गाईशी आपला संबंध कुठे जोडला होता, हे इथे आठवावे. जिवंत गाय दुसऱ्याच्या दावणीला. मेली की ओढायला महार. त्याच्या मोबदल्यात हाडकी-हाडोळ्याचा तुकडा. 1927 च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडा म्हणून सांगितले, तेव्हा ते त्या वाटणीवरच घाव घालत होते.

मग राहिले गायरान. दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, पुढे मराठवाड्यात आपल्या माणसांनी मार खाऊन गायराने कसली. आम्ही त्याला चूक म्हणणार नाही, पोट आधी. पण नांगर फिरला तिथे चराई संपली, आणि वैरणीचा प्रश्न आपल्या चळवळीने फारसा हाती घेतला नाही, हे कबूल करायला हवे. आमचे म्हणणे साधे आहे: ज्या लाभार्थ्याला गाय द्याल, त्याच्या नावाने वैरणीचे रानही द्या. तेवढे जमत नसेल तर कडब्यावर आणि उसाच्या वाढ्यांवर भागवून वेताला दीड हजार लिटरच्या वर दूध देणारी पंढरपुरी म्हैस द्या. ती काळी आहे, तिला कोणी माता म्हणत नाही, म्हणून तिच्यावरून मोर्चेही निघत नाहीत.

मामाने गाई विकून चार शेळ्या घेतल्या. त्या गावाच्या कडेला, रस्त्यालगत चरतात.