तळटीप : विहिरीतल्या पांढऱ्या गारा

* विहिरीच्या सुरुंगातून निघालेल्या या चमकत्या खड्यांना लेखक सरसकट ‘गारा’ म्हणतात, पण वर्णनावरून यातले बरेचसे झिओलाइट गटातले असावेत. देशावरचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून थरावर थर लाव्हा पसरला आणि थिजला. लाव्हातले वायू वर चढत असताना वरचा भाग घट्ट झाला की बुडबुडे तिथेच अडकतात. थराच्या माथ्याचा खडक म्हणून जाळीदार दिसतो. पुढे या पोकळ्यांतून गरम पाणी झिरपलं. खडकातून विरघळलेलं सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम त्यानं पोकळीच्या भिंतीवर स्फटिकरूपात बसवलं. खडे खडकाहून तरुण आहेत ते यामुळे. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतलं निळंभोर कॅव्हन्साइट (हे झिओलाइट नव्हे) असंच पोकळ्यांत सापडतं. जगभरचे संग्राहक त्यासाठी जीव टाकतात, आणि खडी फोडणाऱ्या यंत्रात त्यातलं किती गेलं असेल याचा विचार न केलेला बरा.

खरी गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, काचेवर ओरखडा काढते आणि चाकूला दाद देत नाही. पिसाऱ्यासारख्या जुडग्यांत वाढणाऱ्या, मोतिया झाकेच्या स्टिल्बाइटवर मात्र चाकूचा चरा सहज उमटतो. लेखकांच्या वर्णनातल्या ‘मोरपिशी जुड्या’ बहुधा याच. त्याच प्रकरणातला कोकणचा जांभा वेगळा : तो लाव्हा थिजून थेट तयार झालेला नाही, उष्ण, पावसाळी हवेत मूळ खडक कुजून, सिलिका धुऊन जाऊन लोह व ॲल्युमिनियम मागे उरल्यानं तो बनला.