पैठणचा घाट, एक कादंबरी आणि दोन सिनेमे

पिंडाला कावळा शिवत नाही तोवर घरचं माणूस जागचं हलत नाही. "अण्णा, धाकटीचं लग्न आम्ही करू, काळजी करू नका," असं कुणीतरी हात जोडून म्हणतं आणि सगळे परत झाडाकडं बघायला लागतात. पैठणच्या घाटावर बातमीच्या निमित्तानं गेलो तेव्हा हे कितीतरी वेळा पाहिलंय. पण तिथंच चार पावलांवर गुडघाभर पाण्यात उभी राहून राख चाळणारी पोरं आपल्या नजरेत भरत नाहीत. ती मराठी वाचकाला दाखवली बाबा भांड यांनी.

भांड पैठण तालुक्यातलेच. आपल्या शहरातलं साकेत प्रकाशन त्यांचंच. त्यांच्या 'दशक्रिया' कादंबरीतला भानुदास, म्हणजे भान्या, दुसऱ्याच्या राखेतून नाणी शोधतो. एका घरचा दहावा म्हणजे दुसऱ्या घरची चूल! मेलेल्याला पुढची गती मिळावी म्हणून चाललेला विधी आणि जिवंत पोराचं पोट, हे एकाच काठावर. कादंबरी वर्षानुवर्षं वाचली गेली, तिच्यावरून रस्त्यावर कुणी उतरल्याचं मला आठवत नाही.

मग सिनेमा आला. दिग्दर्शक संदीप पाटील, पटकथा संजय कृष्णाजी पाटील. एप्रिल 2017 मध्ये 64 वे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले, त्यात सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट, रूपांतरित पटकथा आणि सहायक अभिनेता (मनोज जोशी) असे तीन पुरस्कार 'दशक्रिया'ला. तोवर सगळं छान. नोव्हेंबरात ट्रेलर फिरला आणि पुरोहितांची बदनामी झाली म्हणून ब्राह्मण संघटना उभ्या राहिल्या. प्रकरण इथं, औरंगाबाद खंडपीठात आलं. याचिका फेटाळली गेली आणि 17 नोव्हेंबरला सिनेमा लागला. पुण्यात काही ठिकाणी खेळ रद्द झाले, ते वेगळंच.

गंमत बघा, पैठणला हे नवं नाही. नाथांची गोष्ट आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असते. श्राद्धाचा स्वयंपाक झालेला, वासानं दारात भुकेली माणसं आली, अस्पृश्य मानलेली, आणि नाथांनी ते अन्न त्यांना वाढलं. ब्राह्मणांनी बहिष्कार टाकला. तेव्हा पितर स्वतः जेवायला उतरले म्हणतात. म्हणजे दशक्रियेच्या हिशेबावरचा पहिला सवाल पैठणच्याच एका ब्राह्मणाच्या वाड्यातून आलाय, कुठल्या सिनेमावाल्याकडून नाही.

याच नाथांवर 1935 साली प्रभातनं सिनेमा काढला. शांतारामबापूंचं दिग्दर्शन आणि नाथांच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व! नाव ठेवलं होतं 'महात्मा'. सेन्सॉरला त्यात गांधीजी दिसले, म्हणून तो 'धर्मात्मा' झाला. तेव्हा इंग्रजांचं सेन्सॉर आडवं आलं, 82 वर्षांनी आपलेच लोक आडवे आले. गाव मात्र तेच.

कादंबरी चालते आणि सिनेमा टोचतो, असं का? माझ्या मते कादंबरीत भटजी एकटा नसतो. त्याच्या डोक्यातली भीती, घरातली ओढाताण, सगळं पानोपानी सोबत येतं. दोन मिनिटांच्या ट्रेलरमध्ये उरतो तो फक्त दक्षिणेसाठी पुढं आलेला हात. त्यामुळं दुखावलेल्यांचं सगळंच खोटं होतं असं मी म्हणणार नाही. मृत्यूनंतरचे विधी करणाऱ्या किरवंतांना त्यांच्याच जातीत खालचं मानलं जातं, हे प्रेमानंद गज्वींनी 'किरवंत' नाटकात मांडलं आणि डॉ. लागूंनी ते रंगभूमीवर आणलं. घाटावरचा भटजी आणि राख चाळणारा पोरगा, दोघांचंही पोट मरणावरच. फरक एवढाच, की एकाच्या बाजूनं कोर्टात जाणारं कुणीतरी असतं. भान्याच्या बाजूनं कोण गेलं?

परवा गेलो होतो तेव्हा पोरांच्या हातात चाळणी कमी आणि दोरीला बांधलेलं चुंबक जास्त दिसलं. नवी नाणी चुंबकाला चिकटतात ना! एकाला विचारलं, "शाळा?" म्हणाला, "आज अमावस्या आहे, काका, आज गर्दी असती."