डाकेपासून दुर्बिणीपर्यंत : रिले या शब्दाचा व वस्तूचा प्रवास

शिकारीच्या वाटेवर थकलेल्या कुत्र्यांच्या जागी ताजी कुत्री सोडण्यासाठी त्यांचा जो जथा राखून ठेवीत, त्यास जुन्या फ्रेंच भाषेत ‘रिले’ म्हणत. पुढे हा शब्द टप्प्याटप्प्यावर बदलावयाच्या घोड्यांना लागू झाला. मराठीतील ‘डाक बसविणे’ या प्रयोगामागेही हीच कल्पना आहे. १८३५ च्या सुमारास अमेरिकेत जोसेफ हेन्री याने दूरच्या क्षीण प्रवाहाकडून जवळच्या प्रबळ प्रवाहाचे मंडल जुळविले व तोडले. तारायंत्रात याच युक्तीने थकलेल्या संदेशास नवा घोडा मिळाला. आपल्या परिभाषेतील ‘अभिचालित्र’ हा शब्द वस्तूची क्रिया सांगतो. टप्प्याची आठवण मात्र ‘रिले’नेच जपली आहे.

तारायंत्राच्या मंद स्पंदांना स्पर्शक जुळला की पुरे होते. उच्च कंप्रतेस ते पुरत नाही. साध्या तारेच्या एका सेंटिमीटरची प्रवर्तकता सुमारे १० नॅनोहेन्री धरली, तर १४२० मेगाहर्ट्झला तिचा विरोध सुमारे ९० ओहम भरतो. उलटपक्षी, उघड्या स्पर्शकांमध्ये एक पिकोफॅराड धारकता असली, तरी प्रवाहास सुमारे ११२ ओहमांची वाट मोकळी राहते. म्हणजे जोडलेले पुरते जोडले जात नाही आणि तोडलेले पुरते तुटत नाही. म्हणून रिले लहान होत गेला, त्याची अग्रे आखूड झाली आणि जोडणी समाक्ष तारेची झाली. संरोधाचा मेळ चुकल्यास संदेशाचा काही भाग आल्या वाटेने परत फिरतो.

या प्रश्नाचे मोल जुन्नर तालुक्यात राजुरीच्या आसमंतातच पाहावयास मिळते. खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी असून १६ तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरांच्या विस्तारात, पसरल्या आहेत. येथे येणारा संदेश इतका क्षीण असतो, की पहिल्या वर्धकापूर्वी झालेली हानी पुढे कितीही वर्धन केले तरी भरून निघत नाही. वर्धनाबरोबर गोंगाटही वाढतो.

म्हणूनच येथील रचना बोलकी आहे. नाभीवरील फिरत्या चौकटीच्या चार बाजूंस निरनिराळ्या पट्ट्यांचे ग्राहक बसविलेले असून, हवा तो ग्राहक चौकट फिरवूनच तबकडीसमोर आणला जातो. प्रत्येक पट्ट्याचा वर्धक स्वतंत्र आहे. विद्युत्-स्विचाने पट्टा निवडावयाचा, तो पहिल्या वर्धनानंतर. तेथून संदेश प्रकाशतंतूंवरून मध्यवर्ती इमारतीत पोहोचतो.

डाकेचा जुना नियमही हाच होता. घोडा टप्प्यावर कितीही ताजा मिळो, वाटेत गहाळ झालेले पत्र त्याला पोहोचविता येत नाही.