थंड समुद्रातील जलतरण शर्यती: इंग्लिश खाडीपासून हिमजलापर्यंत

भीमाकाठी वडगाव रासाईसारख्या गावात पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्यांना हे ठाऊक असते की, थंडीच्या दिवसांत पहाटे विहिरीचे पाणी बाहेरच्या हवेपेक्षा उबदार लागते. जमिनीखालच्या पाण्याचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही. कोकणातला समुद्रही हिवाळ्यात गारठत नाही. म्हणूनच मालवणच्या चिवला किनाऱ्यावरची राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा डिसेंबरात भरवता येते आणि त्यात लहान मुलेही उतरतात. मुंबईत संक रॉक ते गेटवे ऑफ इंडिया अशी पाच किलोमीटरची शर्यत होते. धरमतर ते गेटवे हे ३६ किलोमीटरचे अंतर तर अनेक मराठी मुलामुलींनी पार केले आहे. या पाण्यात भरती-ओहोटी, लाटा आणि जेलीफिश त्रास देतात. थंडी हा तिथला मुख्य शत्रू नसतो.

युरोपातल्या समुद्रात मात्र तोच मुख्य शत्रू आहे.

थंड म्हणजे किती?

जागतिक जलतरण महासंघाच्या नियमांनुसार पाणी १६ अंश सेल्सिअसपेक्षा थंड असेल तर खुल्या पाण्यातली शर्यत घेता येत नाही. १८ अंशांच्या खाली वेटसूट सक्तीचा आहे. इंग्लिश खाडी पोहण्याचे पारंपरिक नियम याच्या अगदी उलट आहेत. अंगात साधा पोहण्याचा पोशाख, एक टोपी आणि चष्मा एवढेच चालते. वेटसूट घातला किंवा सोबतच्या होडीला आधारासाठी हात लावला की पोहणे बाद. ऐन हंगामातही पाणी साधारण १४ ते १८ अंशांचे असते आणि सरळ रेषेत अंतर सुमारे ३३ किलोमीटर. अंगाला चोपडलेल्या ग्रीसमुळे ऊब राहते असा समज आहे. पण ते लावतात मुख्यतः कातडी घासून सोलवटू नये म्हणून.

शरीरात काय होते?

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने शरीरातली उष्णता ओढून घेते. तरीही गारठून बेशुद्ध होण्याआधीच माणूस बुडू शकतो, आणि ते का हे पोहता येणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यायला हवे. एकदम थंड पाण्यात पडताच आपोआप जोराचा श्वास ओढला जातो, मग धाप लागते आणि हृदयाचे ठोके वाढतात. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही संपतो. हा झटका दोन-तीन मिनिटांत ओसरतो. तेवढा वेळ पोहण्याची घाई न करता तरंगत राहून श्वास सावरायचा असतो. त्यानंतर हातापायांचे स्नायू बधिर होऊ लागतात, बोटे फाकतात, हात पाणी मागे लोटेनासा होतो. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली जाण्याची पाळी त्याच्याही नंतर येते.

यावर सवय हा उपाय आहे. थंड पाण्यात काही मिनिटांच्या पाच-सहा डुबक्या वेगवेगळ्या वेळी घेतल्या तरी पहिला झटका बराच सौम्य होतो. मात्र आपल्याकडच्या जलतरणपटूला ही सवय घरच्या पाण्यात लागत नाही. दम, अंतर, वेग सगळे इथे कमावता येते. थंडी मात्र बाहेर जाऊन शिकावी लागते.

खाडीतली शर्यत

इंग्लिश खाडी आज एकेकट्याने पोहायची गोष्ट वाटते, पण एकेकाळी तिथे दरवर्षी शर्यत होत असे. ब्रिटनमधल्या सुट्टी-शिबिरांचे मालक बिली बटलिन यांनी ती १९५३ ते १९५९ या काळात भरवली. १९५८ च्या शर्यतीत तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातले ब्रोजेन दास खाडी पार करून गेले. मिहिर सेन यांनी पुढच्याच महिन्यात, २७ सप्टेंबर १९५८ रोजी ती पार केली. त्यामुळे सेन पहिले भारतीय ठरतात. त्यांना ‘पहिले आशियाई’ म्हणण्याची आपल्याकडची सवय चुकीची आहे.

पुढच्या वर्षीच्या शर्यतीत कोलकात्याच्या आरती साहा उतरल्या. त्यांची सोबतची होडी सुमारे ४० मिनिटे उशिरा आली. ऐकायला हे किरकोळ वाटते, पण खाडीत भरतीचे वेळापत्रक चुकले की किनारा हातातोंडाशी येऊनही ओढ उलटी लागते. १४ तासांहून अधिक पोहून, किनारा काही मैलांवर असताना त्यांना पाण्याबाहेर यावे लागले. महिनाभराने, २९ सप्टेंबर १९५९ रोजी, त्यांनी पुन्हा प्रयत्न केला आणि १६ तास २० मिनिटांत खाडी पार केली. असे करणाऱ्या त्या पहिल्या आशियाई महिला.

पुढे मराठी नावे येत गेली. १९९४ मध्ये रूपाली रेपाळे हिने वयाच्या अवघ्या बाराव्या वर्षी ही खाडी ओलांडली. पुण्याचे रोहन मोरे यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यूझीलंडची कूक सामुद्रधुनी पार करून ‘ओशन्स सेव्हन’ या सात सामुद्रधुन्यांचा संच पूर्ण केला. तो पूर्ण करणारे ते पहिले आशियाई. २०२३ मध्ये नवी मुंबईचे प्रभात कोळी यांनीही तो पूर्ण केला. सातांपैकी आयर्लंड आणि स्कॉटलंड यांच्यामधली नॉर्थ चॅनेल सर्वांत कठीण मानतात. तिथले पाणी १२ ते १४ अंशांचे, आणि वर लायन्स मेन जेलीफिशचे डंख.

त्याहून थंड

२००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत राम बरकाई यांच्या पुढाकाराने हिमजल जलतरणाची आंतरराष्ट्रीय संघटना निघाली. पाच अंश किंवा त्याहून थंड पाण्यात, वेटसूट न घालता एक मैल पोहणे हा तिचा ‘आइस माइल’. इथे अर्ध्या-पाऊण तासात खेळ संपतो, पण धोका पुढे सरकतो. हातापायांतले गार रक्त परतू लागते, बाहेरची थंडी आत झिरपत राहते, आणि पाण्याबाहेर आल्यावरही आतले तापमान काही काळ उतरतच जाते. चालत वर आलेला माणूस दहा मिनिटांनी थरथरत कोसळू शकतो. म्हणून त्याला एकटे सोडत नाहीत. गरम पाण्याची अंघोळ, दारू, अंग चोळणे हे तिन्ही टाळतात. ओले कपडे काढून अंग टिपायचे, कोरडे जाड कपडे आणि टोपी घालायची, वाऱ्याच्या आडोशाला बसवायचे, आणि नीट बोलू-गिळू लागल्यावर कोमट गोड चहा द्यायचा. बोलणे अडखळत असेल किंवा थरथर थांबूनही माणूस सुस्त पडत असेल, तर आडवे ठेवून लगेच डॉक्टरांना बोलवायचे.